वरचं दार तुम्ही बंद केलं होतं, मामा

मामा, काल तुमचं तेरावं झालं. पाहुणे जेवून गेले, भाड्याची पातेली टेम्पोत चढली, आणि आज घरात मी आणि मामी दोघीच उरलोय. मी ओट्यावर वही घेऊन बसलेय. दुपारचे दोन वाजलेत. हायवेवरच्या गाड्यांचा आवाजसुद्धा आज इथवर येत नाही, आणि तरी घरात कुठंतरी पाणी वाहतंय. मी दोनदा उठून बघून आले. मोरीतला नळ घट्ट बंद आहे. पिंप पालथं घातलेलं आहे. वरची टाकी तर कालच संपली. शेवटी मामीला विचारलं, "मामी, पाणी कुठं वाहतंय गं?" तिनं सुपातून मान वर न करता म्हटलं, "तुला बी ऐकू येतंय व्हय? मला वाटलं मलाच." आणि ती पुन्हा तांदूळ निवडायला लागली.

मी भोरला नर्सिंगच्या मुलींना शरीराचं काम कसं चालतं ते शिकवणारी बाई. असल्या गोष्टींना मी हसते, हे तुम्हाला चांगलं माहीत आहे. आज हसू आलं नाही.

या तेरा दिवसांत लोक तुमच्याबद्दल पुष्कळ बोलले. देवमाणूस होता म्हणाले. तुम्ही देवमाणूस वगैरे काही नव्हतात. तुम्ही पाटकरी होतात आणि महाहट्टी होतात. आपल्या वरव्याच्या वरच्या अंगाला जो लहान तलाव आहे, त्याच्या पाटाचं दार उघडायचं आणि बंद करायचं, एवढंच तुमचं काम. पण ते करताना तुमची मान अशी ताठ असायची की बघणाऱ्याला वाटावं, तलाव यांच्याच आजोबांनी खणलाय. आई गेल्यावर तुम्ही मला इथं आणलंत तेव्हा मी सात वर्षांची होते. शाळा सुटली की तुमच्यामागे पाटाच्या भरावावरून चालायचे आणि दाराच्या चाकाला हात लावू द्या म्हणून भुणभुण करायचे.

एका उन्हाळ्यात शेजारचा भुईमूग माना टाकायला लागला होता. दाराच्या अलीकडे पाणी, पलीकडे पाट कोरडा ठणठणीत. मी रडून सांगितलं, मामा, थोडंसंच उघडा ना, कुणाला कळणार आहे?

"चिठ्ठी कुठाय?" तुम्ही विचारलंत. "हापिसातनं चिठ्ठी आल्याबिगर दार हालत न्हाई."

"पण भुईमूग मरतोय!"

"मरंल. पर चिठ्ठीबिगर दार हाललं, तर उद्या कुनीबी येऊन हालवंल. मग पाट ऱ्हातोय का पोरी?"

चिठ्ठी येईपर्यंत निम्मा भुईमूग गेला. मी चार दिवस तुमच्याशी बोलले नाही. ते भांडण आपण कधी मिटवलंच नाही. तुम्ही रिटायर झालात, माझे केस पिकायला लागले, तरी दर दिवाळीला मी भुईमुगाचा विषय काढायचे आणि तुम्ही दर दिवाळीला तेच उत्तर द्यायचात. आता ते माझ्या एकटीकडेच राहिलं.

आणि गंमत बघा, पुढं मी वर्गात तेच सांगून पोट भरलं. आतड्याचा धडा आला की मी फळ्यावर पाट काढते. आपल्या आतड्यात रोज घागरभर पाणी उतरतं, खाल्लेलं पातळ करायला आणि पुढं सरकवायला, आणि त्यातलं जवळजवळ सगळं परत रक्तात ओढून घेतलं जातं. किती सोडायचं आणि कधी थांबायचं, हे आतड्याच्या भिंतीतल्या पेशी स्वतःच्या मनानं ठरवत नाहीत. जठरातून, आतड्यातून, स्वादुपिंडातून रक्तात निरोप सुटतात. पुस्तकात त्यांना संप्रेरकं म्हणतात, मी वर्गात चिठ्ठ्या म्हणते. एक चिठ्ठी म्हणते सोड, दुसरी म्हणते थांब. सोडायची चिठ्ठी पोचली की पेशी आतड्यात मीठ टाकते, आणि मिठाच्या मागं पाणी जातं. "माझा मामा पाटकरी आहे," मी मुलींना सांगते, "तो चिठ्ठीशिवाय दार हलवत नाही. पेशीचंही तसंच." एकदा बाजाराला आला होतात तेव्हा तुम्ही खिडकीशी उभं राहून हे ऐकलंत, आणि परत जाताना एसटीच्या कंडक्टरला सांगितलंत, "माझ्यावर धडा हाय, पुस्तकात."

त्या धड्याच्या शेवटी मी एक गोष्ट सांगते. खाण्यापिण्यातून झालेले जुलाब माणूस उपाशी राहिला की सहसा ओसरतात. पण शरीरात कुठंतरी खोटी चिठ्ठी सुटत असेल, तर उपाशी राहूनही पाणी थांबत नाही. हा प्रश्न मी परीक्षेत हमखास विचारते. ज्या मुलीला तो येत नाही तिला चांगली फैलावर घेते.

दिवाळीनंतर तुम्हाला जुलाब लागले. नुसतं पाणी, पातळ चहासारखं. मी फोनवरूनच ठरवून टाकलं की विहिरीचं पाणी बाधलं. उकळून प्या, या गोळ्या घ्या, तिखट बंद करा. मग दुसऱ्या गोळ्या. मग दुसरा डॉक्टर, तोही माझ्याच ओळखीचा आणि माझंच ऐकणारा. दोन महिने असे गेले. तुमच्या लेंग्याची नाडी दर आठवड्याला आणखी आत बांधली जात होती आणि मी मामीला सांगत होते, म्हातारपणी पोट असंच असतं.

पौषातली ती दुपार मामीही विसरलेली नाही. तुम्ही इथंच ओट्यावर घोंगडीवर पडला होतात. आपण तिघंही गप्प होतो. आणि आवाज आला. लांबून सुरू झाला, चढत गेला, थबकला, आणि घरंगळत खाली उतरला. कोरड्या पाटात पहिलं पाणी पाचोळा ढकलत येतं ना, अगदी तस्सा. तो तुमच्या पोटातून येत होता आणि अंगणापर्यंत ऐकू जात होता. तुमच्या पायाशी झोपलेलं कुत्रं उठलं, चिंचेखाली जाऊन बसलं आणि तिथून तुमच्याकडे बघत राहिलं. तेवढ्यात तुमचा चेहरा लाल व्हायला लागला. ऊन नव्हतं, राग नव्हता, ताप नव्हता. मानेपासून लाली वर चढत गेली, कपाळापर्यंत, आणि थोड्या वेळानं आपोआप उतरली.

तुम्ही पोटावर हात ठेवलात आणि परक्या माणसाला दारात अडवावं तसं हळू विचारलंत, "कोन हाय आत? कुनाची चिठ्ठी हाय?"

मामीचा हात सुपातच थांबला. आणि मी काय म्हटलं? म्हटलं, "गॅस आहे मामा."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. "गॅसला वळान नसतं नंदे. ह्याला वळान हाय."

मामीचा वेगळाच हिशोब होता. तिच्या माहेरी, वेल्ह्याकडं, पाण्यातल्या साती आसरा कुणाला लागल्या की माणूस असाच आतून वाहत जातो म्हणतात. तुम्ही जन्मभर पाणी अडवलंत, त्यांची वाट अडवलीत, असं तिचं म्हणणं. एका शुक्रवारी ती हिरव्या बांगड्या, हळदीकुंकू आणि दहीभात घेऊन तलावावर निघाली. मी सोबत गेले, खरं तर तिला टोमणे मारायला. दार बंद होतं. नव्या पाटकऱ्यानं साखळी लावून कुलूप घातलेलं होतं. तरी पलीकडच्या कोरड्या पाटात, दाराखालून, बोटभर पाण्याची एक रेघ चालली होती. वारा नव्हता, पाखरू बोलत नव्हतं, आणि ती रेघ आमच्या डोळ्यांदेखत पुढं सरकत होती.

"बघ," मामी कुजबुजली. "कुलूप हाय, चिठ्ठी न्हाई, तरी सुटलंय."

"दाराचं रबर झिजलंय मामी," मी म्हटलं. ते खरंही होतं. पण परत येताना आम्ही दोघी जरा भरभरच चाललो, आणि मी मागं वळून बघितलं नाही.

मग माघातला तो मंगळवार. मामीचा फोन आला की तुम्ही अंगणात कोसळलात. मी मिळेल त्या गाडीनं आले. तुम्हाला आणून खाटेवर ठेवलं होतं, पोटऱ्यांत गोळे आले होते, ओठ फुटले होते, हाताच्या मुठी वळत नव्हत्या. शेजारपाजारचे सगळे दारात जमलेले. आणि तुमचा चेहरा मात्र खूश होता! मला बघून तुम्ही कोपरावर उठायला बघितलंत.

"नंदे, ऐक. काल सकाळपास्नं म्या थेंब घेतला न्हाई. घास बी न्हाई. वरचं दार पुरं बंद केलं. दार बंद केल्याव पाट रिकामा व्हायला किती टाइम लागतो, ते मला ठावं हाय. पर खालचं पानी व्हतं तेवढंच हाय. कळलं का? पानी वरनं येतच न्हाई. मधीच कुठनंतरी सुटतंय."

मामा, सगळी हयात पाटावर काढलेला माणूसच असं करू शकतो. दुसरा कुणी जास्त पाणी प्यायला असता, नवस बोलला असता, नाहीतर गप पडून राहिला असता. तुम्ही पाण्याचा उगम शोधायला निघालात, आणि शोधायची जी एकच रीत तुम्हाला माहीत होती ती स्वतःवर चालवलीत. त्या रीतीनं तुमचा जीव जायची वेळ आली होती, हेही खरंच. पण तुम्हाला उत्तर मिळालं होतं. माझ्याच परीक्षेतला प्रश्न सोडवून तुम्ही माझ्यापुढं ठेवला होता.

मी सगळ्या गावासमोर तुमच्यावर ओरडले. "वेड लागलंय का तुम्हाला? मरायचंय का? एवढ्या वयाला एवढी अक्कल नाही?" दारात कुणीतरी हसलं. तुमचा चेहरा पडला. मी सलाईन लावलं, सुई दोनदा चुकली, आणि त्या सबंध दिवसात तुम्ही काय बोललात याचा मी एकदाही विचार केला नाही. मी घाबरले होते. घाबरले की मी चिडते, आणि चिडले की मला ऐकू येत नाही.

पुण्याला नेईपर्यंत आणखी महिना गेला. तिथल्या डॉक्टरीणबाई माझ्या वर्गातल्या मुलींच्या वयाच्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि साधा प्रश्न विचारला, "उपाशी राहिल्यावर थांबतं का?"

तो माझ्याच परीक्षेतला प्रश्न होता. तुम्ही तोंड उघडलंत, माझ्याकडे बघितलंत आणि परत मिटलंत. मीच म्हटलं, "नाही. उपाशी ठेवून बघितलंय. थांबत नाही."

"अरे वा," त्या म्हणाल्या. "फार चांगलं बघितलंत तुम्ही. यानं बरंच सोपं झालं."

आणि मी मान डोलावली, मामा. मी थँक्यू म्हटलं.

रक्त तपासलं, फोटो काढले. स्वादुपिंडावर सुपारीएवढी गाठ निघाली आणि तिचे ठिपके यकृतावर. ती गाठ दिवसरात्र एकच चिठ्ठी लिहीत बसली होती: सोड, सोड, सोड. आतड्याला काय कळणार? त्याच्या दृष्टीनं चिठ्ठी खरी, शिक्का खरा. ते इमानदारीनं तुमच्या अंगातलं पाणी उपसत होतं आणि पाण्याबरोबर पोटॅशियमही वाहून जात होतं, ज्याच्यावाचून स्नायू चालत नाहीत आणि हृदयही. तुमच्या चेहऱ्यावर चढणारी लालीही त्याच चिठ्ठीची. मी तुम्हाला हे सांगितलं तेव्हा तुम्ही पोटावर हात ठेवलात. मग म्हणालात, "म्हंजी माझाच पाटकरी. हुकुमाचा ताबेदार. त्याची काय चूक?" मला रडू आवरेना. तुम्हाला गाठीचा राग आला नाही, तुम्हाला त्या बिचाऱ्या आतड्याची कीव आली.

शरीरात थांबायचीही चिठ्ठी असते, तिच्यासारखं एक इंजेक्शन मिळतं. ते दिलं आणि दुसऱ्या दिवशी पाणी थांबलं. एवढे महिने चाललेला तो आवाज थांबला. मामी तुमच्या पोटाला कान लावून बसली आणि नर्स हसायला लागल्या. डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं, हे कायमचं नाही, पुन्हा सुरू झालं तर त्याच दिवशी कळवा, डोस वाढवता येतो.

संध्याकाळी मामी डबा धुवायला गेली होती. तुम्ही मला जवळ बोलावलंत.

"येक सांग पोरी. म्या वरचं दार बंद केलं, ते येडेपण व्हतं का?"

खोलीत आपण दोघंच होतो. नाही मामा, ते बरोबर होतं, तुम्हीच शोधलंत, आणि मी ते माझ्या नावावर खपवलं, एवढंच म्हणायचं होतं. एवढ्याशा वाक्याला किती वेळ लागतो? तेवढ्यात मामी डबा पुसत आत आली आणि मी म्हटलं, "हो मामा. वेडेपणाच होता. आता असले उद्योग बंद. तुमचं पाणी तुम्ही बघायचं नाही, आम्ही बघू."

तुम्ही मान हलवलीत. "व्हय, म्हातारपन," म्हणालात, आणि कूस बदललीत. डॉक्टरीणबाईंसमोर मी काय बोलले ते तुम्ही ऐकलं होतं. तरीही तुम्ही मला एक संधी दिलीत, असं मला आता वाटतं.

घरी आल्यावर तीन आठवडे तुम्ही छान होतात. आंबवड्याला बहिणीकडं जाऊन आलात. मला फोन करून भुईमुगावरून पुन्हा वाद घातलात, तोही आपण होऊन. मग त्या गुरुवारी सकाळी मी वर्गात होते, फळ्यावर हृदय काढत होते, आणि मोबाईल वाजत राहिला. तुम्ही चहा पिऊन ओट्यावर आलात, इथंच बसलात आणि कलंडलात. हृदय थांबलं, डॉक्टर म्हणाले. गाठ पसरलेली होती, कधीतरी व्हायचंच होतं, असं सगळे म्हणाले. मीही सगळ्यांना तेच सांगत होते. स्वतःलाही तेच सांगत आलेय.

एवढं लिहून झालं आणि मामी चहा घेऊन बाहेर आली. माझ्यासमोर टेकली. म्हणाली, "येक गोष्ट पोटात हाय माझ्या. कुनाला बोलले न्हाई."

"बोल ना."

"त्ये जायच्या दोन दिस आदीच परत सुरू झालं व्हतं त्यांचं. मंगळवारी. म्या म्हनलं, नंदीला फोन लावते. तर मला म्हनले, थांब. नक्की झाल्याबिगर सांगायचं न्हाई. न्हाईतर ती म्हनंल, म्हाताऱ्याला परत खूळ लागलं."

कप माझ्या हातात होता. मी तो खाली ठेवला. मंगळवार, बुधवार, गुरुवार. दोन दिवस पोटॅशियम वाहून गेलं, आणि तुम्ही माझ्या भीतीनं ते स्वतःशीच ठेवलंत. दोन दिवसांत डोस वाढवता आला असता. सलाईन लावता आलं असतं. तुम्ही वर्षानुवर्षं जगला असतात असं मी म्हणत नाही. पण आज असतात.

मामी माझ्याकडे बघत होती. तिला यातलं काही माहीत नाही. तिनं सहज विचारलं, अगदी सहज, "खरंच येडेपण व्हतं का गं त्यांचं ते?"

या वेळी मी थांबले नाही. सगळं सांगितलं. खाटेवर तुम्ही काय म्हणालात, त्याचा अर्थ काय होता, पुण्यात काय घडलं, मी कुणाची शाबासकी घेतली, आणि तुम्ही विचारल्यावर मी काय बोलले. मामी ऐकत राहिली. तिचा चहा निवला.

"मग तवा तसं का म्हनलीस?"

"माझी लाज राखायला."

मला वाटलं आता ही मला घराबाहेर काढेल, आणि ते बरोबरच होईल. तिनं हात पुढं करून माझ्या मांडीवरची वही बघितली. तिला वाचता येत नाही, पण भरलेली पानं दिसली असतील.

"ह्ये त्यांनाच लिवतीयास?"

"हो."

"लिवून काय उपेग? त्यांचा चष्मा हितंच ऱ्हायलाय. तोंडानं सांग." ती उठली, आणि माझ्या दंडाला धरून मलाही उठवलं. "आन हळू न्हाई. वरडलीस तशीच सांग. समद्या गावाला ऐकू गेलं पायजे."

मी ओट्याच्या कडेला जाऊन उभी राहिले, मामा. मामी मागं तशीच उभी होती. मग मी ओरडले. "मामा, तुम्ही बरोबर होतात! वेडेपणा नव्हता तो! तुम्ही बरोबर होतात!" समोरच्या दारातून दोन डोकी बाहेर आली. कुणीतरी विचारलं, काय झालं, काय झालं? मी त्यांच्याकडे तोंड करून परत सांगितलं.